घरचे बाळंतपण, सोनोग्राफी आणि उचल

पुण्या-मुंबईकडील काही सुशिक्षित जोडपी अलीकडे बाळंतपण घरीच व्हावे असा विचार करू लागली आहेत. त्यांच्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. घरीच बाळंत व्हायचे ठरवले तर सोनोग्राफी करून घ्यावी की नाही? एक पक्ष म्हणतो, यंत्राची ती पहिली पायरी चढली की पुढची प्रत्येक पायरी डॉक्टर चढायला लावतात आणि शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो. दुसरा पक्ष म्हणतो, डोळे मिटून नदी ओलांडण्यात शहाणपण कोणते? पहिल्या पक्षाची भीती अगदीच निराधार नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात शेकडा 21.5 बाळंतपणे पोट फाडून झाली आणि महाराष्ट्रात 25.4. त्याच पाहणीत देशभरातील सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3 होते, तर खाजगी दवाखान्यांत 47.4. बायकांची शरीरे दवाखान्याच्या मालकीप्रमाणे बदलत नाहीत. तेव्हा या तफावतीचे कारण दवाखान्यांच्या हिशेबवह्यांत शोधावे लागेल, हे उघड आहे.

परंतु हा वाद जसाच्या तसा उचलून भूम तालुक्यात नेऊन ठेवला तर त्याचा चेहराच बदलतो. कुंथलगिरीच्या पेढ्याने आणि भट्ट्यांवर आटणाऱ्या खव्याने ओळखला जाणारा हा तालुका बालाघाटाच्या पठारावर, पावसाच्या लहरीवर जगतो. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. मात्र जिल्ह्याच्या गावापेक्षा भूमकरांना बार्शी जवळची, आणि बार्शी तर सोलापूर जिल्ह्यात. ईट, पाथरूड, वालवड, माणकेश्वर या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर ‘घरी बाळंतपण करायचे ठरवले आहे’ असे वाक्य सहसा कोणी उच्चारत नाही. तिथे घरचे बाळंतपण ठरत नाही, ते होऊन जाते. रात्री कळा सुरू होतात, ओढ्याला पाणी असते, गाडी यायला उशीर लागतो आणि शेजारच्या म्हाताऱ्या सुईणीच्या हातावर मूल येते. पहिलटकरीण माहेरी जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बहुधा कुणी नेत नाही. आणि दर वर्षी दसरा झाला की तालुक्यातील हजारो माणसे ऊसतोडीला निघतात, तेव्हा ‘घर’ या शब्दाचा अर्थ पाचट आणि ताडपत्रीची कोप असा होतो.

त्याच पाहणीने महाराष्ट्रातील शेकडा 94.7 बाळंतपणे दवाखान्यात झाली असे नोंदवले आहे. ही प्रगती मोठीच आहे, आणि तिच्यामागे 2005 ची जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्यांची पायपीट आणि 2014 पासून धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या गाड्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. राहिलेली शेकडा पाच म्हणजे किरकोळ, असे म्हणण्याची सवय आकड्यांच्या जगात आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनाही ती जडते. पण सरासरी ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते. ही पाच बाळंतपणे राज्यभर सारखी पसरलेली नाहीत; ती साचली आहेत गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर, भटक्यांच्या पालांवर आणि उसाच्या फडांवर. शिवाय पाहणीचा कार्यकर्ता ज्या महिन्यात गावात येतो त्या महिन्यात फडावर असलेले कुटुंब त्याच्या वहीत कितपत उतरते, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

तेव्हा प्रश्न असा मांडावा लागतो. जिचे बाळंतपण दवाखान्याबाहेर होण्याचा संभव अधिक आहे, तिच्यासाठी सोनोग्राफी कितपत उपयोगी, कोणत्या महिन्यात उपयोगी, आणि त्या उपयोगाची किंमत कोण मोजणार?

यंत्राची हकीकत थोडी आठवावी. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1955 साली एका बॉयलरच्या कारखान्यात लोखंडाच्या जोडातील दोष ध्वनिलहरींनी शोधणारे उपकरण पाहिले आणि मोटारीतून नेलेल्या गाठींवर ते लावून पाहिले. 1958 साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. कामगार ज्या तंत्राने लोखंडातील भेग हुडकत होते, तेच पुढे मातेच्या उदरातील जीव पाहू लागले. विज्ञानाच्या इतिहासातील हे एक सुंदर पान आहे.

त्याच यंत्राचे महाराष्ट्रातील पान मात्र इतके सुंदर नाही. आधी गर्भजलाची तपासणी आणि मागून सोनोग्राफी, या दोहोंचा वापर मुलगी ओळखून ती पाडण्यासाठी होऊ लागला. आजचे काही शेकडे रुपये वाचवतील उद्याचा हुंडा, अशा आशयाच्या जाहिराती उघड लागत होत्या. 1980 नंतरच्या दशकात मुंबईतील स्त्री-संघटना आणि विज्ञान कार्यकर्ते यांनी याविरुद्ध मोहीम उभारली, विधिमंडळात मृणाल गोरे यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1988 साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा, अमलात आला 1996 मध्ये. तो कागदावरच राहिला म्हणून 2000 साली ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2003 मध्ये कायदा अधिक कडक झाला. एवढे होऊनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 च्या 946 वरून 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 वर आली. भूमला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ती 2011 मध्ये 807 होती. 2012 साली परळीत अशाच एका गर्भपातात बाईचा जीव गेला, तेव्हा साऱ्या राज्याचे डोळे तिकडे वळले. उस्मानाबादही त्या जनगणनेत नऊशेच्या खालीच होता.

या इतिहासात अर्थशास्त्राचाही एक लाजिरवाणा परिच्छेद आहे. 1983 च्या सुमारास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त धर्मा कुमार यांनी असा युक्तिवाद केला होता की मुली दुर्मिळ झाल्या की त्यांचे मोल वाढेल. मागणी-पुरवठ्याचा हा नियम कांदा-ज्वारीला लागू पडतो तितका बाईला लागू पडत नाही, कारण आपल्या समाजात बाई ही विकणारीही नव्हे आणि विकत घेणारीही नव्हे, हे लीला दुबे यांनी त्याच पानांवर दाखवून दिले. पुढच्या चाळीस वर्षांनी निवाडा कोणाच्या बाजूने दिला, हे उत्तरेकडील राज्यांत लांबून विकत आणलेल्या नवऱ्या पाहून कोणालाही सांगता येईल.

कायद्याने यंत्राला कुलूप घातले हे योग्यच झाले. प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ फॉर्म भरायचा, यंत्र नोंदलेल्या जागेतून हलवायचे नाही, ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरखेरीज कोणी ते हाताळायचे नाही. फॉर्म भरण्यातील चूक हा केवळ कारकुनी दोष मानावा ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये फेटाळली, तीही योग्य कारणांसाठी. पण प्रत्येक कुलपाची किंमत कोणी तरी मोजत असते. इतर अनेक देशांत प्रशिक्षित परिचारिका हे यंत्र चालवतात. इथे ते शक्य नाही. ज्यांना परवानगी आहे असे डॉक्टर शहरात राहतात, आणि राहिलेल्या भागात सोनोग्राफी ही दुर्मिळ वस्तू होते. दुर्मिळ वस्तूवर मक्तेदारीचा खंड वसूल होतो हे सांगायला रिकार्डो लागत नाही. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची ही तपासणी फुकट असली पाहिजे असे 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने म्हटले आहे. यंत्र आहे पण चालवणारा नाही, किंवा तो आठवड्यातून एकदाच येतो, अशी अवस्था असेल तर ‘फुकट’ या शब्दात एका दिवसाची मजुरी, दोघांचे एसटीचे भाडे आणि मागे ठेवलेल्या पोरांची व्यवस्था यांचा हिशेब धरलेला नसतो. मराठवाड्याचा अनुशेष 1984 साली वि. म. दांडेकर समितीने मोजला, त्यात आरोग्यसेवाही होत्या. त्या अहवालाची आठवण आता कोणी काढत नाही.

कुलूप काढा असे कोणी म्हणू नये. डॉक्टरांच्या संघटना अधूनमधून ते म्हणतात, पण त्यांच्या गाऱ्हाण्यात बाईच्या गैरसोयीपेक्षा धंद्याची गैरसोय अधिक असते. मात्र या चर्चेत एक साधी गोष्ट निसटते. सोनोग्राफीने लिंग भरवशाने ओळखता येऊ लागते ते तीन महिने उलटल्यावर. अकरा-बारा आठवड्यांपर्यंत यंत्राला ते धड दिसत नाही. आणि नेमक्या याच काळात गर्भाचे वय सर्वांत अचूक कळते, पाच-सात दिवसांच्या फरकाने. जुळे आहे का, तेही कळते. दुसऱ्या टोकाला, आठव्या-नवव्या महिन्यात केलेल्या तपासणीत वार कुठे आहे आणि मूल आडवे आहे की पायाळू हे दिसते. त्या वेळी लिंग कळूनही गर्भपाताचा प्रश्न उरत नाही. म्हणजे घरी बाळंत होण्याचा संभव असलेल्या बाईला ज्या दोन तपासण्यांचा सर्वांत अधिक उपयोग, त्यांतच दुरुपयोगाची धास्ती सर्वांत कमी. मधली, अठरा ते वीस आठवड्यांची तपासणी व्यंगे ओळखण्यासाठी आवश्यक आहे, आणि कायद्याचे डोळे तिच्यावर राहिलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये चोवीस आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली. आपल्याकडे सर्व तपासण्यांकडे सारख्याच संशयाने पाहण्याची रीत पडली आहे, त्यामुळे निरपराध तपासणीही मागे पडते.

आता यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा निवाडा निर्भयपणे करायला हवा. वार गर्भाशयाच्या तोंडावर बसली असेल तर घरी बाळंतपण म्हणजे मृत्यूला आमंत्रण. कळा सुरू होताच रक्ताची धार लागते आणि जगातली कोणतीही सुईण ती थांबवू शकत नाही. दिवस भरताना अशी स्थिती दोनशेत साधारण एका बाईची असते. मूल आडवे असेल तर तेच. जुळ्यांचे, पायाळूचे बाळंतपण अनुभवी हातांनीही बिघडू शकते. कुशल सुईण पोटावर हात फिरवून बाळाचे डोके कुठे आहे हे ओळखते, आणि हे ज्ञान तुच्छ मानण्याचे कारण नाही. वार मात्र हाताला लागत नाही. ती फक्त यंत्राला दिसते.

पण पाचव्या महिन्यात ‘वार खाली आहे’ असे निदान झालेल्या बहुतेक बायांची वार गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. ही गोष्ट बाईला कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले जातात, घरात घबराट होते, कुणी तिला अंथरुणाला खिळवते, कुणी कर्ज काढून मोठ्या दवाखान्यात नाव घालून येते. आठव्या महिन्यात पुन्हा पाहिले पाहिजे, एवढे एक वाक्य मराठीत लिहिले असते तर हे सारे टळले असते. सोनोग्राफीच्या कागदाने भीती घालण्याचा अनुभव या पट्ट्यातील बायांना नवा नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या 82 हजारांहून अधिक बायांची पाहणी आली, तेव्हा त्यांतील 13 हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींना गाठीची आणि कॅन्सरची धास्ती दाखवली गेली होती. ज्या गावांत हे घडले, त्या गावांतील सुना यंत्राच्या खोलीत जाताना बिचकत असतील, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिवाय जी गोष्ट बाईला सर्वांत अधिक मारते ती यंत्राला दिसतच नाही. मूल झाल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही म्हणजे रक्तस्राव होतो. तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. ज्यांच्या सर्व तपासण्या ‘नॉर्मल’ असतात त्यांनाही होतो. तिथे कामाला येते ते ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, ते देणारा शिकलेला हात, आणि तासाभराच्या आत रक्ताची बाटली. तेव्हा सोनोग्राफी चांगली आली, आता घरी राहायला हरकत नाही, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. चांगली तपासणी म्हणजे काही विशिष्ट संकटे नाहीत, एवढेच. बाकीची दारातच उभी असतात.

परदेशातील अनुभव याहून कडवट आहे. अमेरिकेत पंधरा हजारांवर बायांचा अभ्यास करून 1993 मध्ये असा निष्कर्ष निघाला की कमी जोखमीच्या बायांची सरसकट सोनोग्राफी केल्याने मुले अधिक वाचत नाहीत. ते श्रीमंत देशाचे झाले. काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या पाच देशांच्या ग्रामीण भागांत परिचारिकांना शिकवून गरोदर बायांची सोनोग्राफी केली गेली. 2018 साली निष्कर्ष आले: माता व बालमृत्यू घटले नाहीत, आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्यांची संख्याही वाढली नाही. यंत्र नेऊन ठेवणाऱ्या पुढाऱ्यांनी आणि त्याची फीत कापणाऱ्या मंत्र्यांनी हा अहवाल वाचावा. यंत्राने सांगितले की वार खाली आहे. पुढे गाडी नाही, भूल देणारा नाही, रक्त नाही, घरात पैसे नाहीत. मग त्या ज्ञानाचे बाईने करायचे काय?

याच ठिकाणी भूमचा प्रश्न काँगो-केनियापासून वेगळा होतो. भूमच्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईला सोनोग्राफीने जी सर्वांत मोलाची गोष्ट सांगता येते ती आजाराची नसून तारखेची आहे.

मुकादमाची उचल पावसाळ्यात घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. बाई नसेल तर अर्धा कोयता, आणि उचलही तितकीच. काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात. पावसाळ्यात घेतलेले पैसे लग्नाला, औषधाला, मागच्या हंगामाच्या बाकीला केव्हाच गेलेले असतात. समजा, एखाद्या बाईची शेवटची पाळी मे महिन्याच्या सुरुवातीला झाली. आषाढात, उचलीची बोलणी चालू असताना, तिला दहा-अकरा आठवडे झालेले असतात, पोट दिसत नाही. दसऱ्याला ती सहाव्या महिन्यात कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागते. तिचे दिवस भरतात फेब्रुवारीत, हंगाम ऐन भरात असताना. पहाटे चार वाजता उठून तोडलेल्या मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी ही बाई तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत नसते, तिथल्या आशेच्या ओळखीची नसते, आणि भूमच्या आशेच्या वहीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडलेला असतो. तिचे बाळंतपण कोपीत होते. याला घरी प्रसूती म्हणायचे असेल तर म्हणावे.

पाळीची तारीख सांगता येत असेल तर यंत्र कशाला, असे कोणी विचारील. पण एक मूल अंगावर पीत असताना, मधे पाळी न येताच दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाईला कोणती तारीख आठवावी? ती ‘चौथा असेल’ म्हणते आणि निघतो सहावा, किंवा उलटे. दोन महिन्यांची ही चूक माहेरी बसलेल्या बाईच्या बाबतीत फारशी बिघडवत नाही. फडावर जाणाऱ्या बाईच्या बाबतीत ती चूक मूल कोपीत जन्मणार की हंगाम संपवून परतल्यावर गावात, हे ठरवते. आणि शेवटच्या महिन्यांत केलेली सोनोग्राफी ही चूक दुरुस्त करू शकत नाही, कारण तेव्हा वयाचा अंदाज दोन-तीन आठवड्यांनी सहज हुकतो. तपासणी उशिरा झाली तर तिच्यातील हा सर्वांत उपयोगी भाग वायाच जातो.

मग ही तारीख कळली तर बाई मागे राहील काय? उचलीचा जोर पाहता बहुधा राहणार नाही. पण इथे नाइलाज म्हणून हात झटकणे बरोबर नाही. आज मुकादम, कारखाना आणि सरकार या तिघांनाही ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय आहे. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो बाईनेच सांगितले नाही, आणि सरकार म्हणते नोंद नाही. 1961 साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. ऑफिसातल्या बाईला तिचा लाभ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. उसाच्या फडापर्यंत मात्र तो कायदा कधी चालत गेला नाही, कारण तिथे मालक कोण हेच कोणी कबूल करत नाही. तारखेचा कागद हा अज्ञानाचा आडोसा काढून घेतो. फेब्रुवारीत बाळंत होणारी बाई ऑक्टोबरात ट्रकवर चढवली, हे लेखी राहते. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाला प्रत्येक गाळपाच्या टनामागे पैसा मिळावा हे तत्त्व शासनाने मानले आहे. त्या पैशातून गरोदर बाईच्या अर्ध्या कोयत्याची उचल भरून निघावी, ही मागणी अशा कागदांच्या आधारेच करता येईल. पंतप्रधान मातृ वंदना योजनेचे पाच हजार रुपये पहिल्या बाळंतपणाला मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार. हंगामातील मजुरीपुढे ही रक्कम म्हणजे मिठाइतकी.

आपल्या कार्यकर्त्यांत एक मत असे आहे की सर्व बाळंतपणे दवाखान्यातच झाली पाहिजेत हे आपले ध्येय. मग घरच्या बाळंतपणाची चर्चा करणे म्हणजे माघार घेणे. या मताचा आदर ठेवूनही ते अपुरे म्हणावे लागते. 1995 ते 1998 या काळात गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरी जन्मलेल्या अर्भकांची काळजी घेतली. तिथे बाळंतपणे बहुतेक घरीच होत होती आणि ती होतच राहणार हे धरून काम झाले, म्हणून नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. पुढे देशभरच्या आशांनी हीच पद्धत उचलली. ध्येयाच्या नावाने आजच्या बाईकडे पाठ फिरवली असती तर ती मुले गेली असती. आणि जे सुखवस्तू देश घरच्या बाळंतपणाचा गौरव करतात, त्यांचाही हिशेब नीट पाहावा. नेदरलँडमधील घरच्या बाळंतपणामागे पदवी घेतलेली सुईण, विमा आणि थोड्या मिनिटांच्या अंतरावरील दवाखाना उभा असतो. इंग्लंडमध्ये 2011 साली 64 हजारांवर बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी मूल झालेल्या निरोगी बायांना घरी बाळंत होण्याने अर्भकाचा धोका वाढला नाही. पण पहिलटकरणींच्या बाबतीत तो वाढला, आणि घरी बाळंत होऊ इच्छिणाऱ्या पहिलटकरणींपैकी शेकडा पंचेचाळीस जणींना ऐन वेळी दवाखान्यात हलवावे लागले. ही इंग्लंडच्या रस्त्यांवरची गोष्ट आहे. तिथे घर हा पर्याय ठरतो तो दवाखाना हाताशी असतो म्हणूनच. ज्या बाईपुढे दुसरे दारच नाही तिच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द वापरताना जीभ अडखळली पाहिजे.

घरातही निवड तिची नसते. सोनोग्राफीला जायचे की नाही हे सासू ठरवते, पैसे नवरा देतो, आणि बरोबर जो जातो त्याला बाहेर येताच एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. डॉक्टरने सांगितले नाही तरी खूण, पेढा, जिलबी, ‘जय माताजी’ असल्या सांकेतिक भाषांचा बोभाटा या राज्याने पुष्कळ ऐकला आहे. म्हणून पहिल्या तिमाहीतील तपासणीचा आग्रह धरताना ती आशेच्या सोबतीने, सरकारी दवाखान्यात आणि बाईच्या हाती मराठीतील कागद देऊन झाली पाहिजे. त्या कागदावर दिवस कधी भरतात तो महिना, मुले किती, वार पुन्हा कधी पाहायची, आणि फडाच्या जवळचे आरोग्य केंद्र कोणते, एवढे असले की पुरे. 2016 पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची तपासणी सरकारी केंद्रांत डॉक्टरांनी करायची असते. आषाढ-श्रावणातल्या दोन ‘नऊ तारखा’ जरी भूम, परांडा, वाशी या तालुक्यांत फडावर जाणाऱ्या बायांसाठी राखल्या आणि त्या दिवशी सोनोग्राफी करणारा डॉक्टर प्रत्यक्ष हजर राहिला, तरी त्या हंगामाचे चित्र आधी कळेल. साखर पट्ट्यातील केंद्रांनी भूमचे माता व बाल संरक्षण कार्ड आपलेच मानून आठव्या महिन्यातील दुसरी तपासणी करून दिली पाहिजे. आज तिथला कारकून ‘तुमचे गाव कोणते’ असे विचारून बाईला परत पाठवू शकतो, हे थांबवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

परंतु परिपत्रके आपोआप निघत नाहीत. उचलीची बोलणी ज्या दिवसांत चालतात त्याच दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात यंत्र चालू आहे की झाकून ठेवले आहे, डॉक्टर कोणत्या वारी येतो आणि तिथवर किती बाया पोहोचल्या, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे आणि वाडीवाडीतील आशेकडून फडावर जाणाऱ्या गरोदर बायांची यादी मुकादमाच्या यादीशेजारी ठेवून तपासावी. दसऱ्यानंतर तपासायला गावात कोणी उरत नाही.